पाटाच्या कडेने बावीस किलोमीटर, दोन जावा आणि एक सराटा

रानजाई
रविवार, रात्री ९.१०

लेक ऑगस्टमध्ये पुण्याला शिकायला गेला आणि त्याची गिअरची सायकल पार्किंगमध्ये माझ्या स्कूटीला टेकून राहिली. स्कूटी काढायची तर आधी सायकल हलवायची. तीन महिने रोज हँडल धरून बाजूला केली. मग एकदा वाटलं, ढकलतेच आहे तर बसून तरी बघू.

धाकट्या जावेला हे कळलं आणि तिने ताबाच घेतला. तिच्याकडे हेल्मेट, हातमोजे, घड्याळ, मागचा लुकलुकणारा लाल दिवा असं सगळं आहे. "ताई, छोटीशीच राईड करू, त्र्यंबकला जाऊन येऊ," म्हणाली. जाऊन-येऊन पन्नासच्या वर! मी म्हटलं, छोटीशी म्हणजे माझी छोटीशी, तुझी नाही. घासाघीस होऊन पाट ठरला.

बाहेरगावच्यांसाठी: पाट म्हणजे गंगापूर धरणाचा डावा कालवा. पेपरात 'कालवा' छापतात, पण नाशकात कोणाला 'कालवा कुठे' विचारलंत तर क्षणभर तो तुमच्याकडे बघत राहील. पाट म्हणा, लगेच हात वर करून दाखवेल.

पावणेसातला कॉलेज रोडवरून निघालो. पूल ओलांडताना गोदावरीवर धुक्याचा पातळ थर होता, कानाला थंडी झोंबत होती. मखमलाबाद गावातून पुढे गेलं की पाट लागतो. तिथून डावीकडे, म्हणजे धरणाच्या दिशेने वळलो. ऊन पाठीवर, पाटाचं पाणी समोरून येणारं, आणि उजव्या हाताला लांब रामशेज किल्ला, त्याच्या डावीकडे भोरगड. पंचवीस वर्षं नाशकात राहून रामशेज मी कायम पेठ रोडवरून, गाडीच्या काचेतूनच पाहिलेला. इथून तो अगदी वेगळा दिसतो. आडवा, जमिनीवर बसल्यासारखा.

रस्ता कच्चा, मुरमाचा. मधेमधे दोन चाकोऱ्या आणि मध्ये गवत. पण चढ असा लागतच नाही. आधी मला वाटलं आपण फारच फिट आहोत. मग जावेने (ती सिव्हिल इंजिनिअर आहे) हवा काढली. पाट डोंगराच्या उताराला धरून, साधारण एकाच उंचीवरून वळणं घेत नेतात. पाणी आपल्या आपण वाहायला हवं, पंपाने ढकलायचं नाही, म्हणून उतार अगदी नावापुरता ठेवतात. त्यामुळे बाजूची शेतं वर-खाली होतात, पाट मात्र आपल्याच पातळीवर चालतो आणि त्याच्या कडेचा रस्ताही. म्हणजे माझ्या मांड्यांचं श्रेय पाटबंधारे खात्याला.

द्राक्षबागा दोन्ही अंगांनी. मणी आत्ता बाजरीएवढे, काही बागांत ज्वारीएवढे. एका बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू होता, औषधाचं पांढरं धुकं रस्त्यापर्यंत येत होतं. आम्ही तोंडाला ओढणी लावून भसकन निघून गेलो. तारांवर वेडे राघू ओळीने. भरणं (पाणी) दिलेल्या एका शेतात लांब लाल पायांचे काळे-पांढरे पक्षी चालत होते. मी त्यांना बघायला थांबले, मग म्हशी आल्या म्हणून थांबले, मग नुसतीच थांबले. जावेचं घड्याळ दर वेळी पीं करून सांगायचं की तुम्ही थांबला आहात. जसं काही आम्हाला माहीत नाही.

आणि मग पुढचं चाक बसलं.

सराटा. तो बघितलाय ना कोणी? वाळलेलं काटेरी फळ, कसंही पडलं तरी एक काटा वर. जावेकडे ट्यूब होती, टायर उचकटायचे लिव्हर होते, छोटा पंप होता. तिने शिकवायचं म्हणून मलाच करायला लावलं. पंचेचाळीस मिनिटं. हात काळेकुट्ट. मी पाटाच्या कडेला हात धुवायला चालले, तर बांधावरून आवाज आला, "ओ ताई, तिथं उतरू नका! शेवाळ हाये. पाय सरकला का मंग वर येता येत न्हाई."

सत्तरीचे बाबा होते. त्यांनी त्यांच्या विहिरीवरच्या मोटारीपाशी नेलं, साबणाचा तुकडा दिला. हात धुवेपर्यंत आमची चौकशी.

"किती पडले हो या सायकलीला?"

मी आकडा सांगितला. त्यांनी सायकलीकडे असं पाहिलं, जसं म्हशीच्या बाजारात पाहतात.

"मुलाची आहे," मी म्हटलं.

"मंग तो काय चालवतो?"

"तो पुण्याला शिकतो."

"म्हंजे गेला." मग थोडं थांबून, "आमचा चाकणला हाये. त्याची सायकल दिली भंगारात. ठेवायला पायजे होती."

दोन पेरू दिले. एक खाल्ला, एक घरी आणला.

पुढे जलालपूरवरून नदी ओलांडून गंगापूर गावात आलो, सोमेश्वरच्या धबधब्याला वरूनच नमस्कार केला (आता नोव्हेंबरात त्याचा आवाजही घरातल्या नळाएवढा) आणि गंगापूर रोडने परत. शेवटचे आठ किलोमीटर सगळ्यात वाईट. रविवारची वाईनरीवाली गर्दी सकाळी साडेनऊलाच सुरू होते हे नवीन कळलं. मिसळ खाल्ली, पापड आणि जिलेबीसकट, म्हणजे जे जाळलं ते व्याजासह परत. एकूण बावीस किलोमीटर. जावेच्या घड्याळाने सरासरी वेग दाखवला तेव्हा तिने तो कोणाला दिसू नये असं सेटिंग केलं.

दोन प्रश्न आहेत. सराट्यांचं काय करायचं? आणि असाच, एवढाच, दुसरा रस्ता कोणता? त्र्यंबक सांगू नका.

ता.क.: एक लिव्हर बाबांच्या बांधावर राहिला. जाऊ बोलत नाहीये.

---

चाकदुरुस्त
रविवार, रात्री ९.५२

मस्त लिहिलंय. सराट्याबद्दल:

पंक्चर काढताना टायर आतून बोटाने फिरवून पाहिला होतात का? सावकाश, सगळीकडून. काट्याचं टोक टायरमध्येच मोडून राहतं आणि नवी ट्यूब शंभर मीटरवर परत बसते. नव्वद टक्के लोक हे विसरतात (हा आकडा माझ्या मनाचा).

मुलाची सायकल एमटीबी (माउंटन बाईक) दिसतेय, म्हणजे व्हॉल्व्ह मोटरसायकलसारखा जाड असेल. त्यात सीलंट भरता येतं. सराट्याएवढं भोक ते जागेवर बुजवतं. टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायची प्लास्टिकची पट्टीही मिळते, स्वस्त आहे, पण नीट बसवली नाही तर तिचीच कड ट्यूब घासते.

हवा किती भरली होती? मुरमावर रुंद टायरला ३०-३५ पुष्कळ. लोक टायरवर लिहिलेला मोठ्यात मोठा आकडा बघून तेवढी ठासून भरतात आणि मग कंबर धरतात.

---

रानजाई
रविवार, रात्री १०.०५

पन्नास. आणि हो, कंबर धरली आहे. टायर आतून जावेने पाहिला, मी पाहिला असता तर हा धागा उद्या लिहिला असता.

---

रॅमभरोसे
रविवार, रात्री १०.३०

हलकं घ्या, पण ज्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, अशी ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले, त्या गावात बावीस किलोमीटरवर धागा? सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत आहे ती.

(काडी टाकून पळालो.)

---

रानजाई
रविवार, रात्री १०.४१

४,८०० भागिले २२ म्हणजे २१८. आमचा एक झाला. राहिले २१७ रविवार, चार वर्षं आणि थोडं. मिसळ धरून.

---

गोदाकाठचा
सोमवार, सकाळी ७.१५

आठवणी चाळवल्या. आम्ही शाळेत असताना भाड्याची सायकल मिळायची, तासावर. पाटात पोहायला जायचो आणि घरी सांगायचो ग्रंथालयात होतो. ओल्या केसांनी.

त्या बाबांचं ऐका. पाट वरून शांत दिसतो. पण आवर्तन सुटलेलं असताना, म्हणजे धरणातून पाटात पाणी सोडलेलं असताना, पाण्याला ओढ असते, आणि अस्तर तिरकं, शेवाळलेलं. धरायला काही नसतं. आमच्या वर्गातला एक मुलगा गेला तिथे. त्यानंतर ग्रंथालयच खरं झालं.

उजवाही पाट होता. शहर वाढलं तसा तो शहरातून नाहीसा झाला. नाशिकरोडला कॅनॉल रोड म्हणतात, तिथे आज उभं राहून पोराला सांगून बघा की इथून पाणी वाहायचं. डावा अजून वाहतोय तोवर बघून घ्या.

---

थॉमसन_सीडलेस
सोमवार, दुपारी १.४०

मी मखमलाबादचा बागाईतदार. इथे सहसा वाचतो फक्त. लेख चांगला आहे, ताईंनी बाग बघितली, मणी बाजरीएवढे हे बरोबर टिपलं, शहरातल्या माणसाने असं लिहिलेलं वाचून बरं वाटलं. म्हणून चार गोष्टी लिहितो, राग मानू नये.

तो ब्लोअर दिसला ना, तो आमचा रविवार. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर हे दिवस डावणी रोगाचे. रात्री दव पडलं, सकाळी ढग आले की फवारणी टाळता येत नाही. तिचा वार नसतो. ब्लोअर चालू असताना ओढणी लावून भसकन जाऊ नका. लांब थांबा, हात दाखवा. ट्रॅक्टरवाला ओळीच्या टोकाला आला की ब्लोअर बंद करतो, मग जा. एवढं कोणी करत नाही. आम्ही बंद केलं नाही म्हणून ओरडतात.

दुसरं, पाईप. रस्त्यावर आडवा पाईप दिसला तर उतरून सायकल उचलून पलीकडे न्या. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणूस दोन वाजता उठून मोटार चालू करतो आणि सकाळी बघतो तर पाईप फाटलेला, पाणी रस्त्यावर. मागच्या महिन्यात वीस-पंचवीस जणांचा ग्रुप एकामागे एक गेला माझ्या पाईपवरून. एकही खाली उतरला नाही. 'गुड मॉर्निंग काका' मात्र प्रत्येकाने म्हटलं.

तिसरं, बागेत शिरून फोटो. जानेवारी-फेब्रुवारीत हे जास्त. घडाला हात लावला की मण्यावरची पांढरी झाक पुसली जाते, आणि माल परदेशी जायचा असेल तर ती झाक गेलेला घड बाजूला पडतो. एका घडाचं काय असं वाटतं. रविवारी चाळीस जण येतात.

पाटाच्या रस्त्याने जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण तो फिरायचा रस्ता नाही, आमचा कामाचा आहे.

---

स्पष्टवक्ता
सोमवार, दुपारी २.२०

सहानुभूती आहे, पण रस्ता सरकारी आहे. पाटबंधारे खात्याचा. शेतकऱ्याने त्यावर पाईप आडवा टाकणं हेच मुळात चूक. पाईप जमिनीखालून न्यावा.

---

थॉमसन_सीडलेस
सोमवार, रात्री ८.१०

बरोबर. सरकारी आहे. ज्या खात्याचा रस्ता त्या खात्याच्या परवानगीनेच जमिनीखालून पाईप नेता येतो. आमच्याकडे दोघांनी नेलाय. बाकीचे नंबरात. तुम्ही रस्त्याने जाण्याची परवानगी कुठून घेता तेही सांगा म्हणजे आम्हीही त्याच खिडकीवर जाऊ.

---

गोदाकाठचा
सोमवार, रात्री ८.१४

खिक्.

---

रानजाई
सोमवार, रात्री ९.००

थॉमसन दादा, ब्लोअरबद्दल खरंच माहीत नव्हतं. आम्ही उलट वेग वाढवला, तो माणूस आमच्याकडे बघून काहीतरी म्हणाला ते ऐकू आलं नाही. आता कळलं काय म्हणाला असेल.

पाईप मात्र उचलून ओलांडला. पुण्यकर्म म्हणून नाही, मला त्यावरून चालवताच आली नसती.

स्पष्टवक्ता, सरकारी तर आहेच. पण पंक्चर झाल्यावर साबण सरकारी नव्हता.

---

दुर्बीण
सोमवार, रात्री १०.३५

लाल पायांचे ते शेकाटे. भरणं दिलेल्या शेतात, उथळ पाण्यात, अगदी त्यांची जागा. पाटाच्या कडेने बाभळीवर खंड्या दिसला असेलच, नसेल तर पुढच्या वेळी थांबलात की बघा. तुम्ही थांबताच म्हणा.

हेच आवडत असेल तर हिवाळ्यात एकदा नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य करा. सायकल गाडीवर टाकून न्या, तिथल्या बंधाऱ्याच्या आसपास चालवा. २०२० साली रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. घरापासून सायकलने मात्र नको, तो हायवे तुमच्या जावेसाठी.

---

बाणेरकर
मंगळवार, सकाळी ९.००

आमच्याकडे पुण्यात मुठेच्या कालव्याकाठचा रस्ता आहे, तिथे झाडी जास्त...

---

चाकदुरुस्त
मंगळवार, सकाळी ९.०३

आले पुणेकर. आता धाग्याची शंभरी.

---

बाणेरकर
मंगळवार, सकाळी ९.०६

अहो, वाक्य पुरं तरी करू द्या. झाडी जास्त आहे, पण द्राक्षं नाहीत, एवढंच म्हणायचं होतं.

---

मोठी_आई
मंगळवार, दुपारी ४.३०

बाईमाणसांनी पहाटे जाणं कितपत बरं? पेपरात सारखं येतं, मखमलाबाद, गिरणारे, गंगापूर, सगळीकडे बिबट्या. उसात आणि बागांत लपतो म्हणे.

---

थॉमसन_सीडलेस
मंगळवार, संध्याकाळी ७.२५

मावशी, बिबट्या आहे हे खरं. माझं कुत्रं दोन वर्षांपूर्वी नेलं. पण तो अंधाराचा. उजाडल्यावर निघा, दोघं असा, संध्याकाळी दिवेलागणीनंतर पाटावर नको. बाईमाणूस-बापमाणूस तो बघत नाही.

सायकलस्वाराला जास्त भीती गावातल्या कुत्र्यांची. ती मागे लागली तर वेग वाढवू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, चालत जा. कंटाळून परत जातात.

---

रानजाई
मंगळवार, रात्री ८.५०

मोठी_आई, काळजीबद्दल आभार. आम्ही पावणेसातला निघतो, तेव्हा उजाडलेलं असतं. आणि माझा वेग बघता कुत्रीही मागे लागत नाहीत, बरोबर चालतात.

---

रॅमभरोसे
गुरुवार, रात्री ११.००

काडी टाकून पळालो होतो, पण रविवारी गुपचूप जाऊन यायचा विचार आहे. रस्त्याच्या सायकलचे २५ मिलिमीटर टायर चालतील का त्या मुरमावर?

---

चाकदुरुस्त
गुरुवार, रात्री ११.१२

चालतील. दोन ट्यूब, पॅच, सोल्युशन आणि भरपूर वेळ घ्या. नाहीतर शेजाऱ्याची रुंद टायरवाली मागा. चाळीसच्या आसपास रुंदी असली की तिथे मजा येते. आणि पाऊस पडून गेला असेल तर जाऊच नका. मुरूम संपून काळी माती लागली की चाक आणि ब्रेकच्या मध्ये ती लिंपली जाते, चाक फिरायचं थांबतं, आणि मग सायकल तुम्ही खांद्यावर घेता.

---

रॅमभरोसे
रविवार, दुपारी १२.३०

गेलो. शेजाऱ्याच्या मुलीची सायकल, गुलाबी, पुढे टोपली. तरीही आवडलं हो. इतक्या वर्षांत सायकलवर असताना पक्ष्यांचे आवाज मी ऐकलेच नव्हते, कायम मान खाली आणि नजर आकड्यावर. एक पाईप आडवा होता, उचलून ओलांडला. बांधावरच्या माणसाने मान हलवली. गुड मॉर्निंग म्हटलं नाही.

---

रानजाई
रविवार, रात्री ८.४०

आम्हीही गेलो होतो! ती गुलाबी टोपलीवाली सायकल तुम्ही?! आम्हाला वाटलं कोणी दूध घालायला चाललंय.

दुसरी फेरी. या वेळी सराटा नाही (सीलंट भरलं, चाकदुरुस्त यांचे आभार, हवा ३५, कंबर शाबूत). ब्लोअर दिसला, लांब थांबलो, हात दाखवला. त्याने बंद केला. अर्धं मिनिटही लागलं नाही.

लिव्हर मागायला बाबांकडे गेलो. येताना त्यांच्यासाठी चिवडा नेला होता. लिव्हर त्यांच्या खिशातच होता. ठिबकच्या नळीचं तोंड जाम झालं की ते आधी दाताने काढायचे, आता याने काढतात. "लय कामाची वस्तू हाये. तुमचीच का?" म्हणाले आणि लगेच पुढे केला.

जावेने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. "नाही बाबा," ती म्हणाली, "आमची दुसरी आहे, जरा लांब होती."

पेरू या वेळी चार.

---

गोदाकाठचा
रविवार, रात्री ९.०५

पुढच्या रविवारी मीही येईन म्हणतो. वय ६३, सायकल त्याहून थोडी लहान. पाटाला पाणी असेल ना? पाणी नसलं तर तो रस्ता मला बघवणार नाही.

---

थॉमसन_सीडलेस
रविवार, रात्री ९.४०

आवर्तन शुक्रवारपर्यंत आहे असं पाटकरी (पाटाचं पाणी बघणारा) म्हणाला. थोडंफार साचलेलं राहील रविवारीही. या. फाट्यावरून आत वळलं की तिसरी बाग, निळी टाकी. फवारणी नसली तर चहा ठेवतो.